बर आली का?

8 जून 2024. सकाळी सव्वासातला मी टोमॅटो चिरत नव्हते, चेंगरत होते. सुरी टेकवली की साल आत दबायची, मग एकदम फुटायची आणि बिया ओट्यावर. डब्यात कोशिंबीर द्यायची होती, झालं सार. घरात सुऱ्या चार आणि एकीलाही धार नाही. पाचवी गोष्ट म्हणजे सासूबाईंची विळी. ती कशीही केव्हाही कापते, पण ती त्यांची आहे आणि तिच्यावर बसून मला पाच मिनिटंही काम जमत नाही.

त्या दिवसापासून नोव्हेंबरपर्यंत जे काही झालं ते लिहून ठेवतेय. यूट्यूबवर सुरीला धार लावणं दोन मिनिटांचं काम दिसतं. मला पाच महिने लागले आणि त्यातले जवळजवळ दोन महिने मी चुकीचं काम अगदी मन लावून केलं.

पहिला विचार अर्थातच धारवाल्याचा. आमच्या चिंचवडच्या सोसायटीत पूर्वी महिन्यातून एकदा यायचा. सायकल स्टँडवर चढवून पॅडल मारायचा, पट्ट्यावरची चकती गरगर फिरायची, मुलं ठिणग्या बघायला गोळा व्हायची. मग सोसायटीने फेरीवाल्यांना गेटवरच थांबवायचा ठराव केला आणि तो यायचा बंद झाला. मी 9 जूनला सेक्रेटरींना विचारलं. लेखी अर्ज द्या म्हणाले. कोणाला बोलवायचं त्याचं नाव, मोबाइल नंबर, आधारची झेरॉक्स, कोणत्या विंगमध्ये किती वेळ बसणार, वीज लागणार का. आता धारवाल्याचं आधार कार्ड मी कुठून आणू? चौकातल्या किराणावाल्याकडून त्याचा नंबर मिळवला, त्याने मुलाकरवी व्हॉट्सॲपवर आधारचा फोटो पाठवला, मी झेरॉक्स काढून अर्जाला टाचली. 23 जूनच्या सभेत अर्ज मंजूर झाला, महिन्यातला शेवटचा रविवार, सकाळी 10 ते 12, रजिस्टरमध्ये नोंद करून. तुमच्याकडेही असा ठराव असेल तर हे करून बघा. आमच्याकडे तरी एकदा मंजुरी मिळाली की पुन्हा अर्ज लागत नाही.

30 जूनला तो आला. सायकल गेली होती, आता मोटर लावलेली चकती. सुरीला 40 रुपये, चार सुऱ्यांचे 160. एकेक सुरी मिनिटभरात झाली. माझ्या आवडत्या सुरीच्या टोकाजवळ नखाएवढा निळसर डाग पडलेला दिसला, पण पुसला की जाईल असं वाटलं. त्या दिवशी कांदा असा कापला गेला की मी उगाच दोन जास्त चिरले. दहा दिवसांनी टोमॅटो पुन्हा चेंगरायला लागला. त्याच्यावर राग नाही, रांगेत तीसेक सुऱ्या होत्या आणि त्याला पुढच्या सोसायटीत जायचं होतं. पण पुढचा शेवटचा रविवार अठरा दिवसांवर होता आणि मला त्या रजिस्टरच्या भरवशावर स्वयंपाक करायचा नव्हता.

13 जुलैला हार्डवेअरच्या दुकानातून दगड आणला. काळपट करडा, आठ इंच लांब, दोन इंच रुंद, एक बाजू खरबरीत आणि दुसरी त्यापेक्षा बारीक. 220 रुपये. दुकानदार म्हणाला, तेल टाका. शेजारच्या गिऱ्हाइकाने सांगितलं, पाणी टाका. घरी येऊन मी दोन्ही टाकलं. हे करू नका. दगडाला एकदा तेल पाजलं की तो तेलाचाच. त्यावर पाणी टाकलं की थेंब नुसते इकडेतिकडे पळतात आणि छिद्रांत चिकट गाळ बसतो.

तासभर घासलं. वीस वेळा या बाजूने, वीस वेळा त्या बाजूने, व्हिडिओत सांगितलं तसं मोजून. मग धार आली का बघायला अंगठा धारेवरून लांबीच्या दिशेने फिरवला. टोमॅटोला न कापणाऱ्या सुरीने अंगठा मात्र नीट कापला. दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या दवाखान्यात केसपेपर काढला आणि पन्नास मिनिटं रांगेत बसून धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. सिस्टरने कशाने कापलं विचारलं. मी "सुरीला धार लावताना" म्हणाले तर त्यांनी "मग लागली म्हणायची" असं म्हणून सुई टोचली. धार कधीही लांबीच्या दिशेने तपासू नये. बोट पात्याच्या पाठीकडून धारेकडे न्यायचं आणि धारेवरून बाहेर सोडायचं, आडवं.

याच बँडेजमुळे काका भेटले. म्हणजे काका दुसऱ्या मजल्यावर गेली बारा वर्षं आहेतच, पण जिन्यात अंगठा बघून त्यांनी चौकशी केली आणि मी सगळं सांगितलं. काका भोसरीच्या एका टूलरूममधून रिटायर झालेले. फिटर म्हणून लागले होते, नंतर सगळी मशिनं हाताळली. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"बर आली होती का?"

"बरं काय आलं होतं?"

"बरं नव्हे गं, बर. बर!"

मग खिशातली किल्ली काढून जिन्याच्या कठड्यावर टेकवली आणि तिथेच शिकवणी सुरू झाली. कारखान्यात कुठलाही जॉब कापला, घासला, भोक पाडलं की कडेला जी पातळ, खरबरीत कोर उरते तिला बर म्हणतात. तिथे ती नकोशी, कानस मारून काढून टाकायची. सुरीला धार लावताना मात्र ती आधी मुद्दाम आणायची आणि मग घालवायची. पात्याच्या दोन बाजू उतरत येऊन एका रेघेत भेटतात ती धार. बोथट सुरीत ती रेघ गोल झालेली असते. एका बाजूने घासत गेलं की दगड हळूहळू त्या रेघेपर्यंत पोचतो. तिथलं लोखंड इतकं पातळ होतं की त्याला उभं राहता येत नाही, ते पलीकडच्या बाजूला कलंडतं. ती कलंडलेली कोर म्हणजे बर. ती आली नाही तर तुम्ही धारेपर्यंत पोचलाच नाहीत, वीस वेळा घासा नाहीतर दोनशे वेळा.

मी अकाउंट्समध्ये काम करते. माझ्या डोक्यात ते असं बसलं की बर म्हणजे पोच. पोच मिळेपर्यंत फाइल पुढच्या टेबलावर जात नाही.

20 जुलैला काकांच्या गॅलरीत पहिला रीतसर धडा झाला. माझा दगड त्यांनी रॉकेलने धुऊन वाळवला होता आणि तो आता तेलाचाच राहील असं जाहीर केलं. सुरी हातात घेऊन त्यांनी आधी पात्याची रुंदी मोजली, 42 मिलिमीटर. पाठ दगडापासून 13 मिलिमीटर उचलली की साधारण 18 अंशाचा कोन होतो. स्वयंपाकघरातल्या सुरीला 15 ते 20 अंशांमधला कुठलाही चालतो, तो शेवटपर्यंत तोच ठेवणं जास्त महत्त्वाचं. मोजायला पट्टी नसेल तर कागदाचा कोपरा घ्यायचा. तो 90 अंशांचा, एकदा दुमडला की 45, पुन्हा दुमडला की साडेबावीस. सुरी त्याच्यापेक्षा किंचित खाली.

मग त्यांनी नातीच्या कंपासातला काळा मार्कर काढला आणि धारेलगतची पट्टी दोन्ही बाजूंनी रंगवली. दगडावर चारपाच वेळा घासून बघायचं, शाई कुठे गेली. माझी शाई वरच्या कडेची गेली होती आणि धारेजवळची तशीच होती, म्हणजे मी सुरी फारच आडवी धरत होते. मागच्या आठवड्यातला तो एक तास मी धारेला स्पर्शसुद्धा केला नव्हता, नुसते पात्याचे गाल घासत होते. 30 रुपयांच्या मार्करने मला जितकं शिकवलं तितकं एकाही व्हिडिओने नाही.

त्या दिवशी पन्नास मिनिटं घासून मुठीपासून निम्म्या पात्यापर्यंत बर आली. हाताला पहिल्यांदा लागली तेव्हा विश्वास बसेना. पलीकडच्या बाजूने अंगठा आडवा बाहेर नेला की नखाला काहीतरी अडतं, चादरीच्या शिवणीसारखं. या बाजूने मात्र गुळगुळीत. पुढच्या निम्म्या भागात, टोकाकडे, काहीच नाही. कारण पातं तिथे वळतं आणि मी मूठ त्याच पातळीत ठेवून पुढे ढकलत होते. टोकाकडे जाताना मूठ किंचित वर उचलावी लागते. काका म्हणाले, "जिथे बर नाही तिथेच घास. आलेल्या ठिकाणी अजून घासलंस तर ती नुसती मोठी होईल, आणि मोठी बर काढताना रडशील." तेव्हा मी हसले होते.

ऑफिस सांभाळून रोज वीस मिनिटं केलं. 28 जुलैला टोकापासून मुठीपर्यंत सलग बर आली, मग सुरी उलटली आणि दुसऱ्या बाजूने ढकलून पहिल्या बाजूला आणली. काकांना दाखवायला गेले तर दाराला कुलूप. गावी गेले होते, साताऱ्याकडे, भाताच्या लावणीला. येतील महिन्या-दीड महिन्याने.

इथे माझी शिकवणी अर्धवट राहिली आणि मला ते कळलं नाही.

बर आली होती. सुरी पेपर सर्रकन कापत होती, हातावरचे केस उडवत होती. मी समजले, झालं. तीन सुऱ्या अशाच केल्या. हुरूप येऊन ऑनलाइन पाण्याचा दगड मागवला, एका बाजूला 1000 नंबर, दुसऱ्या बाजूला 6000 (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक), किंमत 1,450 रुपये. 6 ऑगस्टला पार्सल आलं, आत 3000 आणि 8000 चा निघाला. परत करताना त्यांना दगडाचा फोटो, खोक्यावरच्या लेबलचा फोटो आणि पार्सल फोडतानाचा व्हिडिओ हवा होता. व्हिडिओ कोण काढतं? चॅटवर चार वेगवेगळ्या माणसांना तीच गोष्ट सांगितली. न्यायला माणूस नवव्या दिवशी आला, बरोबर दगड 24 ऑगस्टला मिळाला. आता मी बटाट्याचं पोतं उघडलं तरी आधी मोबाइल लावते.

नवा दगड दहाएक मिनिटं पाण्यात बुडवायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. त्यावर सुरी चालते ती अगदी वेगळी, मऊ, आणि खाली काळं पाणी साचत जातं. ते धुवायचं नाही, त्यानेच काम होतं. सासूबाईंनी हात लावून पाहिला आणि विचारलं, "हा कुरुंद का गं?" त्या कोकणातल्या, त्यांच्या माहेरी धार लावायच्या दगडाला कुरुंदच म्हणत. मी त्यांना नाही म्हणणार होते, पण खोक्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइड छापलेलं होतं आणि कुरुंद म्हणजे तेच. माणिक आणि नीलम त्याचीच मानाची भावंडं. इंग्रजी कोरंडम हा शब्दही दक्षिणेतून, तमिळमधून गेलेला.

असो. तर माझ्या सुऱ्या सकाळी भन्नाट आणि संध्याकाळी मठ्ठ होत होत्या. मी पुन्हा दगड काढायचे, पुन्हा बर आणायचे, पुन्हा भन्नाट. कुठेतरी वाचून 350 रुपयांची लोखंडी सळई आणली, तिच्यावर चार हात मारले की धार परत यायची, आणि दोन कांद्यांनंतर परत जायची. मला वाटलं सुऱ्याच स्वस्तातल्या.

8 सप्टेंबरला ऋषिपंचमी. लाल भोपळा, सुरण, अळू, कणसं. सकाळी सहाला धार लावली, भोपळ्याच्या सालीने ती सातला घेतली. 11 तारखेला गौरीजेवण, आमच्याकडे सोळा भाज्यांचा रिवाज आहे. आदल्या रात्री मी अकरापर्यंत बसून मोठी सुरी तयार केली. गवार झाली, भेंडी झाली, कोबीला घातली आणि पानं सुरीखाली सरकायला लागली. चौथ्या भाजीला सुरी गेली. मी ओट्यापाशी अक्षरशः डोळे पुसत उभी. सासूबाईंनी काही न बोलता विळी खाली घेतली, पाय दुमडून बसल्या आणि उरलेल्या बारा भाज्या संपवल्या. मध्ये एकदाच म्हणाल्या, "तू भोपळ्याच्या फोडी ताटात लाव."

दुपारी सगळं आवरल्यावर मी सुरी पांढऱ्या फडक्याने पुसली. फडक्यावर काहीतरी चमकलं. केसाएवढी, अर्धा इंच लांब, वाकडी तार. मी ती नखावर घेतली आणि मग लक्षात आलं. ही माझीच बर. मी तिच्यावरच भाज्या चिरत होते.

काका 20 सप्टेंबरला परतले. मी ती तार सेलोटेपने कागदावर चिकटवून ठेवली होती. चष्मा वर करून त्यांनी ती बघितली आणि विचारलं, "मी काढायची कशी ते सांगितलं नव्हतं?"

नव्हतं.

बर हीसुद्धा लोखंडाचीच कोर, आणि खऱ्या धारेपेक्षा पातळ. त्यामुळे ती उभी असते तेव्हा पेपर, केस, टोमॅटो सगळं कापते, खऱ्या धारेसारखं किंवा काकणभर जास्तच. पण तिच्या मुळाशी ताकद नसते. पाटावर चारदा आपटली की आडवी पडते आणि मग तुम्ही धारेने नाही, तिच्या दुमडलेल्या पाठीने कापत असता. सळई तिला पुन्हा उभी करते, काढत नाही. माझी सुरी रोज सकाळी जिवंत होऊन संध्याकाळी का मरत होती याचं हे कारण. आपल्या घरातल्या स्टेनलेसच्या सुऱ्या मऊ असतात, त्यांची बर तुटत नाही, नुसती या कुशीवरून त्या कुशीवर होते. कडक लोखंडाची पटकन झडते.

काढायची कशी? काकांनी आधी माझ्या स्वयंपाकघरातला वजनकाटा मागवला. त्यावर ओला फडका, फडक्यावर दगड ठेवून काटा शून्यावर आणला. मी नेहमीसारखी घासायला लागले तर आकडा दोन किलोच्या वर. बर आणताना दीड किलोपर्यंत ठीक, म्हणाले, पण तुझा हात शेवटपर्यंत तेवढाच असतो. एका बाजूची बर तू दाबून काढतेस आणि त्याच दाबाने दुसऱ्या बाजूला नवी आणतेस, मग ती जाणार कधी?

बर दोन्ही बाजूंनी एकदा येऊन गेली की पुढचं सगळं काम हलकं होत जाण्याचं आहे. आधी अर्ध्या किलोच्या दाबाने या बाजूने दहा, त्या बाजूने दहा. मग पाच-पाच. मग काट्यावर 200 ग्रॅम दिसतील इतकाच हात ठेवून तीन-तीन. शेवटी एकेक, आलटून पालटून, जवळजवळ सुरीच्या स्वतःच्या वजनाने. हे शेवटचे हात धार पुढे ठेवून मारायचे, दगडावरून पातळ पापुद्रा कापून काढायचाय असे. धार मागे ठेवून ओढलं की बर पुन्हा लांबते. एवढ्यानेही हटली नाही तर पाठ केसभर अजून उचलून दोन्ही बाजूंनी दोन-दोन हात अगदी अलगद. काही लोक बर बुचात किंवा लाकडात रुतवून ओढून काढतात. काकांना ते पटत नाही, उपटलेल्या जागी धार दातेरी होते म्हणतात. मी एकदा करून पाहिलं आणि काकांच्या बाजूने आहे.

काट्याची ही युक्ती मी ज्यांना ज्यांना सांगितली ते हसले. पण "हलक्या हाताने" याचा अर्थ प्रत्येकाच्या हाताला वेगळा असतो, 200 ग्रॅमचा सगळ्यांना एकच. मी चार दिवस आकड्याकडे बघत घासलं, मग काट्याची गरज उरली नाही.

बर गेली की नाही हे ओळखणं तिला आणण्यापेक्षा अवघड, कारण शेवटी ती नखालाही लागत नाही. सासूबाई वाती वळायला कापूस घेऊन बसल्या होत्या, त्यातला एक पेळू काकांनी मागून घेतला आणि पाठीकडून धारेवरून हलकेच बाहेर नेला. जिथे तंतू अडकला तिथे बर. दोन्ही बाजूंनी, मुठीपासून टोकापर्यंत, इंचाइंचावर. दुसरी खूण उजेडाची. धार वर करून मोबाइलच्या टॉर्चखाली धरायची आणि सुरी थोडी थोडी कलती करायची. खरी धार दिसत नाही, तिच्यावरून उजेड परतायला जागाच नसते. जिथे रेघ चकाकते तिथे एकतर बोथट आहे किंवा बर पडलेली आहे.

सगळ्यात शेवटी चामडं. नवऱ्याचा जुना पट्टा फेविकॉलने प्लायच्या तुकड्यावर चिकटवला, त्यावर पॉलिशची हिरवी वडी घासली, 120 रुपयांची. इथे मात्र उलटं, धार मागे ठेवून ओढायचं, नाहीतर पट्टा कापला जातो. दोन्ही बाजूंनी दहा-दहा हात, दाब नाही. पट्टा नकली चामड्याचा नाही ना हे आधी बघा. पहिला तसा निघाला, त्याची साल सोलून आली.

22 सप्टेंबरला रात्री एक सुरी अशी पूर्ण केली. पेपरवर ती पूर्वीच्या "भन्नाट" सुरीपेक्षा किंचित कमीच वाटली आणि माझं तोंड उतरलं. पण सोमवारी चालली, मंगळवारी चालली, पुढच्या सोमवारी टोमॅटो अजून कापत होता. तीन आठवडे. मी कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांच्या शेजारी फुल्या मारत होते.

6000 ची बाजू मी आता जवळजवळ वापरत नाही. तिच्यावर पातं आरशासारखं होतं, फोटोला छान दिसतं, पण या मऊ सुऱ्यांवर ते पॉलिश टिकत नाही आणि टोमॅटोच्या सालीला थोडी पकड लागते ती जाते. 1000 आणि पट्टा पुरे. दगड मधोमध खोलगट झाला की कोन सांभाळता येत नाही, म्हणून दर सहासात सुऱ्यांनंतर त्यावर पेन्सिलीने चौकटी आखते आणि सपाट काचेवर 120 नंबरचा वॉटर पेपर (ओला चालणारा पॉलिश पेपर) ठेवून पाण्यात घासते. सगळ्या रेघा पुसल्या की सपाट झाला. आणि सुरी ग्रॅनाइटच्या ओट्यावर चालवणं बंद. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

खर्च लिहून ठेवलाय, सवयच आहे. धारवाला 160, पहिला दगड 220, मार्कर 30, पाण्याचा दगड 1,450, सळई 350, वॉटर पेपर दोन 40, वडी 120. एकूण 2,370. यातली सळई फुकट गेली आणि पहिला दगड आता काकांकडे त्यांच्या पटाशीला आहे. आज सुरुवात करायची असती तर नुसता 1000 नंबरचा दगड, मार्कर, पेपर आणि वडी घेतली असती.

खंडेनवमीला काका दरवर्षी आपल्या जुन्या कानशी, मायक्रोमीटर आणि पटाशी मांडतात. यंदा मी माझ्या चार सुऱ्या आणि दगड देवापुढे ठेवले. सासूबाईंनी विळी आणून शेजारी ठेवली आणि पूजा झाल्यावर म्हणाल्या, "उद्या हिलाही बघ जरा." म्हणजे परवानगी मिळाली.

विळीचं गणित उलटं. पातं हलत नाही, दगड हलतो. पाटावर पाय ठेवायचा, लहान दगड हातात धरून वळणावरून खालून वर न्यायचा, बोटं दगडाच्या कडेच्या मागे. इथेही आधी मार्कर. लोखंडी पात्यावर बर लवकर आली आणि हलक्या सातआठ हातांत निघूनही गेली. मग कळलं की या विळीला माझी फारशी गरजच नव्हती. सासूबाई दर पंधरा दिवसांनी लोणच्याची चिनी मातीची बरणी उपडी करतात आणि कापड गुंडाळलेल्या हाताने तिच्या बुडाचं बिनझिलईचं कडं पात्यावरून फिरवतात, विळी नव्हे, बरणीच हलते, पाच या बाजूने, पाच त्या बाजूने. मी लग्न होऊन आल्यापासून याला हसत आले. बर मोठी होऊच द्यायची नाही, हा त्यांचा सगळा मामला. मी विचारलं तर म्हणाल्या, बर-बीर मला काही ठाऊक नाही, खरखर थांबली की बस करायचं.

एक गोष्ट अजून उरलीय. माझ्या आवडत्या सुरीची बर सगळीकडे जाते, फक्त टोकाजवळ जात नाही. दोन-दोन, एक-एक, कापूस, टॉर्च, सगळं करून तिथेच तंतू अडकतो आणि आठवड्यात तिथेच आधी बोथटते. नोव्हेंबरमध्ये काकांना दाखवली. त्यांनी विचारलं, "ही मशीनवर घातली होतीस?" तो जूनमधला निळा डाग. लोखंड निळं पडेपर्यंत तापलं की त्याचं पाणी उतरतं, ते मऊ होतं. मऊ जागेची बर चिकट. उपाय काही नाही, घासत राहायचं, डागाखालचं लोखंड झिजून चांगलं लागेपर्यंत. मी पट्टीने मोजलं. अजून दीड मिलिमीटर आहे.